हजेरीपटावरची श्रद्धा

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात जेराल्ड ग्रॉफ हा टपाल वाटायचं काम करायचा. श्रद्धाळू ख्रिस्ती माणूस. रविवार देवाचा, त्या दिवशी पोटापाण्याचं काम करायचं नाही, हा त्याचा नेम. 2012 साली तो टपालखात्यात लागला तेव्हा या नेमाला कसलीच आडकाठी नव्हती. 2013 मध्ये खात्याने अ‍ॅमेझॉनशी करार केला आणि रविवारीही खोकी दारोदार पोचू लागली. ग्रॉफने बदली मागून होल्टवूडच्या लहानशा कार्यालयात जागा घेतली. तिथे मोजून सात माणसं. मार्च 2017 मध्ये रविवारचं वाटप तिथेही आलं. ग्रॉफ रविवारी येत नसे. त्याच्या वाट्याची खोकी कधी सहकारी वाटत, कधी खुद्द पोस्टमास्तर. शिस्तभंगाच्या कारवाया होत राहिल्या. जानेवारी 2019 मध्ये त्याने राजीनामा दिला आणि प्रकरण कोर्टात गेलं.

29 जून 2023 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने खालच्या न्यायालयाचा निकाल रद्द केला आणि खटला फेरविचारासाठी परत पाठवला. कर्मचाऱ्याच्या धार्मिक नेमाची सोय करताना धंद्यावर भरीव बोजा पडत असेल तरच मालकाला नकार देता येईल, अशी कसोटी न्यायालयाने घालून दिली. सहकाऱ्यांना होणारा त्रास मोजायचा, पण तो कामकाजावर परिणाम करत असेल तरच. कुणाला एखाद्या धर्माबद्दल अढी आहे, हे कारण चालणार नाही.

ग्रॉफच्या श्रद्धेच्या खरेपणाबद्दल कुणी शंका घेतली नव्हती. तरीही सात माणसांच्या कार्यालयात एकाचा रविवार राखायचा, तर दुसऱ्या कुणाचा तरी रविवार मोडतो. कामाच्या जागी धर्म असावा की नसावा यावर गेली शंभर-सव्वाशे वर्षं पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्या सगळ्याकडे पाहताना एक प्रश्न हाताशी ठेवला तर गुंता बराच सुटतो: श्रद्धा एकाची असेल, तर तिची किंमत कोण मोजतो?

या विषयाची शिस्तशीर मांडणी करणाऱ्यांत प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ‘फेथ अँड वर्क इनिशिएटिव्ह’चे प्रमुख डेव्हिड मिलर यांचं नाव आधी घ्यावं लागतं. मिलर मुळात उद्योगातले. आयबीएममध्ये आणि नंतर लंडनमध्ये वित्तव्यवसायात मोठ्या पदांवर काम केल्यावर ते धर्मशास्त्र शिकायला गेले आणि प्रिन्स्टन थिऑलॉजिकल सेमिनरीतून त्यांनी सामाजिक नीतिशास्त्रात डॉक्टरेट घेतली. ‘गॉड अ‍ॅट वर्क’ हा त्यांचा ग्रंथ ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. रविवारी चर्चमध्ये ऐकलेलं आणि सोमवारी ऑफिसात करावं लागणारं, या दोहोंत एवढी दरी का, हा त्यांचा मूळ प्रश्न आहे.

अमेरिकेतल्या या चळवळीचे मिलर तीन कालखंड पाडतात. पहिला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा. न्यूयॉर्कच्या ‘हेल्स किचन’ या गरीब वस्तीत पाद्री म्हणून राहिलेल्या वॉल्टर राउशेनबुश यांनी 1907 मध्ये ‘ख्रिश्चॅनिटी अँड द सोशल क्रायसिस’ लिहिलं. एकेका माणसाच्या पापाबद्दल बोलणाऱ्या चर्चने कारखान्याच्या आणि मजुरीच्या व्यवस्थेतल्या पापाबद्दलही बोललं पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. त्याआधी 1891 मध्ये पोप लिओ तेराव्यांनी ‘रेरम नोवारम’ या पत्रात पोट भरेल एवढ्या मजुरीचा आणि संघटना बांधण्याचा कामगारांचा हक्क मान्य केला होता. याच कालखंडात वारं उलटंही वाहत होतं: जाहिरात व्यवसायातल्या ब्रूस बार्टन यांनी 1925 मध्ये ‘द मॅन नोबडी नोज’ या पुस्तकात येशूला यशस्वी व्यवस्थापकाच्या रूपात उभं केलं आणि ते तडाखेबंद खपलं. एकाच ग्रंथातून मजुराची बाजूही निघते आणि मालकाची पाठराखणही.

दुसरा कालखंड साधारण 1946 ते 1985 चा, चर्चमधल्या सामान्य अनुयायांच्या कामाला महत्त्व देणारा. त्याचं बीज युद्धकाळातच पडलं होतं. इंग्लंडमध्ये रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्स यांनी 1942 च्या एका व्याख्यानात चर्चवर ठपका ठेवला होता, की ते सुताराला दारू पिऊ नको आणि रविवारी हजर राहा एवढंच सांगतं. त्याच्या धर्माची पहिली मागणी चांगली टेबलं बनवण्याची आहे, हे सांगत नाही. फ्रान्समध्ये तर काही कॅथलिक पाद्री झगा उतरवून गोदीत आणि कारखान्यांत कामाला लागले. त्यातले कित्येक जण संघटनांत आणि संपांत उतरले, तेव्हा 1954 मध्ये रोमने हा प्रयोग आवरायला लावला. 1965 नंतर त्याला पुन्हा परवानगी मिळाली. तिसरा कालखंड 1985 नंतरचा. यात पुढाकार चर्चकडून निसटून नोकरदारांकडे आणि कंपन्यांकडे गेला: जेवणाच्या सुट्टीतले प्रार्थनागट, कंपनीने नेमलेले पाद्री, अध्यात्मावरची व्यवस्थापनाची पुस्तकं.

मिलर यांची आणखी एक मांडणी रोजच्या वापरात उपयोगी पडते. माणसं श्रद्धा कामावर आणतात ती चार वाटांनी, असं ते म्हणतात: कुणाला नीतीने वागायचं असतं, कुणाला आपली श्रद्धा बोलून दाखवायची किंवा पसरवायची असते, कुणाला कामातच ईश्वरी हाक ऐकू येते, तर कुणाला थकलेल्या मनासाठी प्रार्थनेचा, ध्यानाचा आधार हवा असतो. ऑफिसातल्या धर्मावर वाद घालणारे बरेचदा वेगवेगळ्या वाटांबद्दल बोलत असतात. ध्यानाच्या खोलीला हरकत नसणाऱ्याला शेजारच्या टेबलावरून होणारा धर्मप्रसार खपत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून कंपनी एका धर्मावर उभी नसावी, तिने सगळ्या श्रद्धांशी सलोखा ठेवावा, असं मिलर सुचवतात.

इथे मात्र त्यांना अडवून विचारावंसं वाटतं. टायसन फूड्स या मांसप्रक्रिया करणाऱ्या कंपनीने 2000 पासून आपल्या कारखान्यांत धर्मोपदेशक नेमले. त्यांची संख्या शंभराच्या घरात गेली. घरात मृत्यू झाला, व्यसन सुटत नाही, नवरा-बायकोचं पटत नाही, अशा वेळी ही माणसं खरोखर मदतीला धावतात. पण मनगटाचं दुखणं पट्ट्याच्या वेगामुळे असेल, तर कंपनीच्याच पगारावरचा धर्मोपदेशक काय बोलू शकेल? दुःख ऐकून घेणारा माणूस मिळणं मोलाचं आहे. त्या दुःखाचं कारण वर कळवण्याचा अधिकार त्याला नसेल, तर किंमत कामगारच मोजत राहतो. मिलर स्वतः सिटीग्रुप या बँकेचे नीतिविषयक सल्लागार होते. गृहकर्जरोख्यांच्या प्रकरणात याच बँकेने 2014 मध्ये 7 अब्ज डॉलरची तडजोड केली. अशा जागी नीतिशास्त्राचा माणूस असावा हे खरंच. त्याचं ऐकल्यामुळे नफ्याचा एखादा व्यवहार सोडून दिला गेला का, यावरच त्याच्या असण्याचा अर्थ ठरतो.

किंमत स्वतः मोजणारी माणसं इतिहासात कमी असली तरी आहेत. अठराव्या शतकात न्यू जर्सीतल्या माउंट हॉली गावी जॉन वुलमन नावाचा, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा तरुण एका दुकानात नोकरीला होता. मालकाने एका गुलाम स्त्रीला विकलं आणि विक्रीपत्र लिहायला त्याला सांगितलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं. वुलमनने ते लिहिलं, पण गुलामगिरी ख्रिस्ती धर्माशी जुळत नाही असं मालकाच्या आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगून. त्या लिहिण्याची टोचणी त्याला पुढे लागून राहिली. नंतर असे कागद लिहायला त्याने नकार दिला. गुलाम वारसाहक्काने देणारी मृत्युपत्रंसुद्धा तो लिहीना, मेहनताना बुडाला तरी. धंदा फार वाढतोय असं दिसल्यावर त्याने तो आवरता घेतला. गावोगाव फिरून तो क्वेकर मालकांशी बोलत राहिला. 1772 मध्ये तो वारला. चार वर्षांनी फिलाडेल्फियाच्या क्वेकर सभेने गुलाम बाळगणाऱ्यांना पंथाबाहेर काढायचं ठरवलं.

दुसरं उदाहरण अलीकडचं. 11 डिसेंबर 1995 च्या रात्री मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डन मिल्स या कापडगिरणीला भीषण आग लागली. मालक अ‍ॅरन फ्युअरस्टीन सत्तरीचे, कर्मठ ज्यू. विम्याचे पैसे घेऊन निवृत्त व्हावं किंवा गिरणी स्वस्त मजुरीच्या देशात न्यावी, हा सरळ हिशेब होता. त्यांनी गिरणी तिथेच उभारायचं जाहीर केलं आणि काम बंद असतानाही सुमारे 3,000 कामगारांना पुढचे काही आठवडे पगार दिला. हे आपण धर्मग्रंथांतून शिकलो, असं ते सांगत. देशभर त्यांचं नाव झालं. कर्जाचा बोजा मात्र पेलला नाही. 2001 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढे गिरणी त्यांच्या हातून गेली. व्यवस्थापनाच्या वर्गांत हे उदाहरण कधी आदर्श म्हणून, तर कधी भाबडेपणा म्हणून शिकवलं जातं. भाबडेपणाचा शिक्का अन्यायाचा वाटतो. त्या आठवड्यांत तीन हजार घरांतली चूल पेटत राहिली, हे ताळेबंदाच्या कोणत्या रकान्यात लिहायचं हे ठरलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

श्रद्धाळू माणूस कामावर अधिक प्रामाणिक असतो का? याचं सोपं उत्तर कुणालाच देता आलेलं नाही. एन्रॉन या ऊर्जाकंपनीचे प्रमुख केनेथ ले हे बाप्टिस्ट उपदेशकाचे चिरंजीव. स्वतःच्या श्रद्धेबद्दल ते मोकळेपणी बोलत. कंपनीच्या जाहीर मूल्यांत आदर होता, सचोटी होती. 2001 च्या डिसेंबरात एन्रॉन कोसळली, कर्मचाऱ्यांची निवृत्तीची पुंजी बुडाली, आणि 2006 मध्ये ले फसवणुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरले.

याहून बोलका पुरावा एका प्रयोगाचा आहे, आणि तो मिलर जिथे शिकले त्याच सेमिनरीतल्या विद्यार्थ्यांवर झाला. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या डिसेंबरात धर्मोपदेशक होऊ घातलेल्या 40 विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवलं. काहींना विषय दिला होता बायबलमधल्या भल्या शोमरोन्याच्या दाखल्याचा, म्हणजे वाटेत जखमी होऊन पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाचा, बाकीच्यांना नोकऱ्यांचा. वाटेत गल्लीतल्या एका दारात एक माणूस मान खाली घालून, डोळे मिटून, खोकत-कण्हत पडलेला. तो प्रयोगाचाच भाग होता. निघताना कुणाला सांगितलं होतं, अजून वेळ आहे. कुणाला, वेळेत आहात. आणि कुणाला, उशीर झालाय, ते वाट पाहताहेत. ज्यांना सवड होती त्यांच्यातले 63 टक्के मदतीला थांबले, मधल्या गटातले 45 टक्के, आणि घाईतले फक्त 10 टक्के. दाखल्यावर बोलायला निघाल्यामुळे म्हणावा असा फरक पडला नाही. काही जण तर त्या माणसाला ओलांडून पुढे गेले.

ही मुलं दुष्ट नव्हती. घाई लावणारा दुसराच कुणी होता. टार्गेट आणि डेडलाइन ज्यांना रोज भेटतात त्यांना हे वेगळं समजवायला नको. वेल्स फार्गो बँकेत विक्रीची अशक्य उद्दिष्टं गाठण्यासाठी ग्राहकांच्या नावाने त्यांना न विचारता लाखो खाती उघडली गेली. 2016 मध्ये 18.5 कोटी डॉलरचा दंड झाला तेव्हा या प्रकारात काढून टाकलेल्या कर्मचाऱ्यांचा आकडा 5,300 असल्याचं समोर आलं. या हजारोंत रविवारी नेमाने चर्चला जाणारे नसतीलच असं कोण म्हणेल? श्रद्धेने माणूस सावध होतो, पण घड्याळ ज्याच्या हाती आहे त्याच्यापुढे ती सावधगिरी फार काळ तग धरत नाही. म्हणून कामावरच्या नीतीची चर्चा एकेकट्याच्या चारित्र्यापाशी थांबवणं अपुरं आहे.

कायद्याने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. अमेरिकेच्या 1964 च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतल्या धार्मिक भेदभावाला बंदी केली आणि 1972 च्या दुरुस्तीने कर्मचाऱ्याच्या धर्माचरणाची वाजवी सोय करणं मालकावर बंधनकारक केलं. या बंधनाचा कस लागला तो कॅन्सस सिटीतल्या टीडब्ल्यूए या विमानकंपनीच्या देखभाल केंद्रात. लॅरी हार्डिसन तिथल्या सुट्या भागांच्या भांडारात होता. भांडार चोवीस तास चालायचं आणि त्याच्या पंथात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत काम वर्ज्य होतं. ड्युट्या सेवाज्येष्ठतेने लागत, तसा संघटनेशी करारच होता. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की किरकोळीपेक्षा जास्त खर्च मालकाने सोसायची गरज नाही. पुढची 46 वर्षं या निकालाने शनिवार पाळणारे ज्यू आणि अ‍ॅडव्हेंटिस्ट, नमाजासाठी वेळ मागणारे मुस्लिम यांचे दावे फेटाळले जात राहिले. ग्रॉफच्या निकालाने हेच सूत्र बदललं. पण ज्येष्ठतेची यादी ही कामगारांनी झगडून मिळवलेली गोष्ट असते, हे विसरता येत नाही. एकाच्या नेमासाठी ती मोडली तर भार मालकावर न पडता शेजारच्या माणसावर पडतो.

2015 मधला अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या दुकानाचा खटला त्या मानाने सरळ होता. डोक्याला रुमाल बांधते म्हणून समँथा इलॉफ या मुलीला टल्सात नोकरी नाकारली होती; न्यायालय आठ विरुद्ध एक मतांनी तिच्या बाजूने गेलं. रुमालाने कुणाचं काही बिघडत नव्हतं. कोलोरॅडोतल्या फोर्ट मॉर्गनमधला कारगिलचा गोमांस कारखाना अवघड. तिथे पट्टा सतत फिरत असतो, एक जण नमाजाला गेला की त्याची जागा कुणीतरी धरावी लागते. 2015 च्या डिसेंबरात एका वेळी किती जणांनी जायचं यावरून वाद पेटला, बहुतांशी सोमाली मुस्लिम असलेल्या कामगारांनी काम थांबवलं आणि दीडशेच्या आसपास माणसं काढली गेली. 2018 मध्ये कंपनीने 15 लाख डॉलर देऊन तडजोड केली. मालकाची श्रद्धा असते तेव्हा चित्र उलटं होतं. हॉबी लॉबी या दुकानसाखळीच्या मालक कुटुंबाला काही गर्भनिरोधकं धर्मविरोधी वाटत. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्यात ती देणार नाही, हा त्यांचा हक्क 2014 मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केला. श्रद्धा मालकांची, विम्याचं संरक्षण कापलं गेलं ते काम करणाऱ्या बायकांचं. कामगाराची श्रद्धा आणि मालकाची श्रद्धा एकाच धार्मिक स्वातंत्र्याच्या तागडीत तोलणं पटत नाही.

बर्कलीच्या समाजशास्त्रज्ञ कॅरोलिन चेन यांनी ‘वर्क प्रे कोड’ या 2022 च्या पुस्तकात सिलिकॉन व्हॅलीतली आणखी वेगळी अवस्था दाखवली आहे. तिथे कंपनीच देवळाची जागा घेते: आपलेपणा, ध्येय, ध्यानधारणा, सगळं आवारातच. नोकरदार त्यात सुखी असतात, पण त्यांचं शहर, तिथली देवळं आणि शेजार ओस पडतात. रोनाल्ड पर्सर यांनी 2019 मध्ये ‘मॅकमाइंडफुलनेस’ या पुस्तकात याच ध्यानावर बोट ठेवलं: ताणाचं मूळ कंपनीत असताना उपचार मात्र कर्मचाऱ्याच्या श्वासावर. भारतात आयआयएम कोलकाता इथे एस. के. चक्रवर्ती यांनी वेदान्ताच्या आधाराने मानवी मूल्यांचं केंद्र उभं केलं आणि निष्काम कर्म व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात आणलं. त्यांचा रोख नेत्याने स्वतःला शुद्ध करण्यावर होता. प्रशिक्षणाच्या बाजारात मात्र हीच शिकवण अनेकदा खालच्या फळीला ऐकवली जाते. फळाची आशा सोडायचा उपदेश बोनस वाटणाऱ्याने बोनस मागणाऱ्याला करावा, हे तत्त्वज्ञानालाही धरून नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा इतिहास जुना आहे आणि तो गिरणीत सुरू होतो. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. मागण्यांत आठवड्याची रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती आणि महिन्याच्या 15 तारखेपर्यंत पगार होता. साडेपाच हजार कामगारांनी त्या अर्जावर सह्या केल्या. रविवार हा खंडोबाचा वार, हेही लोखंड्यांनी मांडल्याचं सांगितलं जातं. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. इथे एका दैवताच्या वाराने सगळ्यांची सोय झाली: ज्याला जेजुरीला जायचं तो जेजुरीला गेला, ज्याला झोपायचं तो झोपला, आणि खर्च मालकांनी उचलला.

त्याच गिरण्यांत धर्माचं दुसरं रूपही नांदत होतं. धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगारांना साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, शिरकाव नव्हता. त्यांचं तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. साचाखात्यात मजुरी चांगली होती. 1928 च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संघटनेपुढे ठेवला, आणि 1936 च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जात ही श्रमाचीच नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे, हे सिद्धान्ताच्या पातळीवर मांडलं. काम हीच ईश्वरी हाक, ही मिलर यांची तिसरी वाट; जिथे जन्मच काम ठरवतो तिथे ती वाट बंद दाराशी संपते. हा धोटा समुद्रापलीकडेही गेला आहे. 2020 मध्ये कॅलिफोर्निया राज्याने सिस्को कंपनीवर एका दलित अभियंत्याशी जातीवरून भेदभाव झाल्याचा आरोप करत दावा लावला. दोन व्यवस्थापकांविरुद्धचा भाग राज्याने 2023 मध्ये मागे घेतला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिअ‍ॅटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली आणि ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तशाच विधेयकावर नकाराधिकार वापरला.

भारतीय संविधानाचा अनुच्छेद 25 धर्मस्वातंत्र्य देतो ते मुख्यतः राज्यसंस्थेच्या विरोधात. खासगी मालकाने धर्माचरणाची सोय करावी, असा अमेरिकेसारखा सर्वसाधारण कायदा इथे नाही. जे आहे ते सुट्ट्यांच्या यादीत सापडतं. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला आठ पगारी सुट्ट्या दिल्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, आणि उरलेल्या चार मालक व कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसांत ठरवायच्या. गणेशचतुर्थी, दिवाळी, ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमा, आंबेडकर जयंती, आणि जागा चार. बहुमताने ठरवलं तर काही सण दरवर्षी बाहेरच राहतात. पाळीपाळीने किंवा ऐच्छिक सुट्ट्या ठेवून ठरवलं तर मालकाला चार दिवस थोड्या माणसांत भागवावं लागतं. हा दुसरा मार्ग अवघड असला तरी तोच धरावा, कारण त्यात भार उचलतो तो उचलू शकणारा. आणि हा कायदा झाला तेव्हा तो दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांपुरता होता. नऊ जणांच्या दुकानात, घरकामाला जाणाऱ्या बाईच्या बाबतीत किंवा अ‍ॅपवर खाणं पोचवणाऱ्या मुलाच्या बाबतीत सणाची सुट्टी आजही मागावी लागते, आणि बहुतेकदा त्या दिवसाची मजुरी सोडूनच ती मिळते.